मागच्या खोलीचा कोबा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी भांडायची सवयच मोडली होती. आज पुन्हा भांडायला बसले आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय. आपल्या मागच्या खोलीच्या कोब्याखाली काय आहे हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून मी माझ्याच घरात परक्यासारखी वावरतेय, कुठे पाऊल टाकावं तेच सुचत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या जन्माची गोष्ट काकूने ओट्यावर वाल सोलता सोलता सांगावी? तीही मी विचारलं म्हणून. नसतं विचारलं तर मी तशीच मेले असते, आई, काही ठाऊक नसताना.

तू गेलीस तेव्हा आम्ही दोघं नेरळला भाड्याच्या खोलीत होतो आणि हे लाद्या बसवायचे. आता आम्ही व्हिनाइल बसवतो. तुला कसं समजावू? रबरासारखी पातळ पट्टी असते, वर लाकडाचं चित्र. शेलूपासून कर्जतपर्यंत ज्या इमारती उठल्यात त्यांत आणि खालापूरकडच्या फार्महाऊसांत सगळ्यांना ते हवं असतं, कारण लोकांना लाकूड हवं असतं आणि वाळवी नको असते. बसवण्यात ह्यांचा हात आहे, पण खालची जमीन तयार करायचं काम माझं. ते नाजूक असतं. खाली एक खडा राहिला तरी महिन्याभरात वर उमटतो. म्हणून आधी जुना कोबा घासायचा, फुटलेलं भरायचं, ओल आहे का बघायची, सगळं एका पातळीत आणायचं, आणि मग त्यावर ह्यांनी पट्ट्या घालायच्या. माझं सगळं काम झाकलं जातं आणि गिऱ्हाईक ह्यांचं कौतुक करतं. मला त्याचं काही वाटत नाही, कारण नीट झालेलं काम मला पायाला कळतं.

आप्पा गेल्यावर आम्ही पोशीरला, माझ्या माहेरच्या घरीच राहायला आलो. माझी लेक खोपोलीला दिली आहे. तू तिला पाहिलं नाहीस. बोलण्यात तुझ्यावर गेली आहे, म्हणजे समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. तिला आठवा लागलाय आणि बाळंतपणाला ती इकडे येणार आहे. मला मागचीच खोली हवी, असं तिने आधीच बजावलं. खिडकीतून शेतं दिसतात, वारा येतो. फक्त तो कोबा थंडीत पायाला चटके देतो म्हणाली, आणि मूल रांगायला लागलं की काय करणार? 'जगाची घरं नटवता आणि आपल्या घरात आज्जीच्या जमान्याचा कोबा!' बोलली ते खरंच होतं. मग दिवाळी उरकल्यावर आम्ही बाहेरचं काम आठवडाभर थांबवलं आणि खोली रिकामी केली.

ती खोली बांधली तेव्हा मी चौथीत होते. त्याआधी तिथे परस होतं, कडेला गोठा, शेवग्याचं झाड. तू मला म्हणाली होतीस, 'तुज्यासाटी बांधतोय गं खोली, अभ्यासाला.' गावात तेव्हा पोरीसाठी खोली कोण बांधत होतं? मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. भराव घातला, पाणी मारलं, आणि दोन गडी धुमसाने माती चोपायला लागले. मी दारात उभी आहे. धुमस वर जातो, खाली आपटतो, जमीन हादरते, मला मजा वाटते. चोपत चोपत एक गडी मागल्या दाराजवळ येतो आणि तू स्वयंपाकघरातून भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत येतेस. 'हितं नको. हितं चोपायचं नाय.' गडी हसतो. 'वयनी, मंग खचंल ती जागा.' 'खचू दे.' तो आप्पांकडे बघतो. आप्पा खाली बघतात आणि म्हणतात, 'ऱ्हाऊ दे रं तेवडं.' मला वाटलं, आईचा काहीतरी हट्ट. तुझे हट्ट कमी होते का? वर लाल कोबा झाला, मी त्यावर लंगडी खेळायला लागले, आणि दाराजवळ मी उड्या मारल्या तेव्हा तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. तू कधी हात उचलायची नाहीस, म्हणून तो धपाटा माझ्या लक्षात राहिला. 'सिमिट कच्चं हाय तितलं,' म्हणालीस. मी दहावीला गेले तरी ते सिमेंट कच्चंच होतं.

तर आम्ही तो लाल थर मशीनने घासून काढला. गुळगुळीत जमिनीला गम धरत नाही, ती जरा खरबरीत करावी लागते. खोलीभर तांबडी धूळ उडाली, आमची दोघांची तोंडं होळीसारखी झाली. धूळ ओढून घेतल्यावर मी हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत सगळी जमीन ऐकली. घट्ट जागा टणटणीत वाजते, पोकळ जागेचा आवाज बद्द येतो. मागल्या दाराजवळ बद्द आला. हे गुडघ्यावर बसले, हात फिरवला. 'हितं बसलाय बग कोबा. खाली चोपलेलंच नाय कुनी.' मी हसले आणि तुझ्या त्या हट्टाची गोष्ट त्यांना सांगितली. तेही हसले. म्हणाले, सासूबाईंनी आपल्याला काम लावून ठेवलं. आम्ही हसत होतो, आई, अगदी त्या जागेवर बसून.

मग ओल बघायला प्लास्टिक लावलं. वीतभर लांबरुंद तुकडे, चारी कडांना टेप, आणि एक दिवस तसेच ठेवायचे. आतून थेंब धरले तर जमिनीत पाणी आहे. तीन तुकडे कोरडे निघाले. दाराजवळच्या तुकड्याला थेंब होते, आणि प्लास्टिक काढल्यावर खाली पांढरी पूड दिसली. मी ती पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी परत आली, साधारण एका पाटाएवढ्या जागेत, कुणीतरी आखून दिल्यासारखी. सिमेंटला लोणा लागतो तो मला काही नवा नाही. पण लोणा जिभेला तुरट लागतो. हो, आम्ही चाखून बघतो, जुन्या गवंड्यांची सवय, ह्यांनी मला लावली. मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. ते मीठ होतं. आपल्या आमटीत घालतो ते मीठ. मला नवल वाटलं, एवढंच. हे भरायचं सामान आणायला नेरळला गेले होते, म्हणून मी काकूला विचारायला गेले. तुझ्या पिढीचं आता तेवढंच माणूस उरलंय.

काकू ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी म्हटलं, 'काकू, मागच्या खोलीत पूर्वी मिठाची गोणी ठेवायचे का?' 'मिठाची गोनी? नाय बा.' 'मग दाराजवळ जमिनीतून मीठ वर येतंय ते कुठलं?' तिने हातातला वाल सोलला, साल बाजूला टाकलं. 'तितं व्हय. तितं आसनारच. तुजा भाऊ हाय ना तितं.' मला वाटलं, म्हातारी बरळतेय. 'कोणाचा भाऊ?' 'तुजा. जुळा.' मग तिने मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले. 'आगं बाय माजे. तुला ठावं नाय? जाऊबायनं सांगितलं नाय कदी?'

मी तिच्याशेजारी ओट्यावर टेकले. तिला वाटलं असेल की आता सांगायलाच हवं. 'आदी तो झाला, मागून तू. तू घर डोक्यावर घेतलंस, तो नुसता बगायचा. दूध वढायला ताकत नव्हती त्याच्यात. पाचवीच्या आदल्या सकाळी गेला. श्रावन व्हता, वढा भरून चाल्लेला, बारक्या पोरांना पुरायची जागा पल्याड, जानार कसं? तुज्या बापानं परसातच खड्डा केला. मी तवा नवी नवरी. घरातलं बरनीतलं समदं मीठ मीच आनून दिलं, त्याच्या अंगावर घालाया. मंग दोन दिस आळनी खाल्लं गं आमी. वाट बंद, दुकान बंद.' तिला त्या सगळ्यातून ते आळणी जेवण पक्कं आठवत होतं. मी विचारलं, 'आणि त्याच्यावर खोली कशाला बांधली मग?' मला राग आला होता, आवाज चढला होता. काकू म्हणाली, 'त्याच्यावर न्हवं गं. त्याच्यासाटी. पाऊस लागला की जाऊबायला झोप नसायची. म्हनायची, समदी घरात आन तो एकलाच भिजतोय. तुज्या बापाच्या मागं लागून लागून घर वाडवून घेतलं तिनं. त्याला आत घ्यायचं व्हतं.'

मी उठून न्हाणीत गेले. तोंडात ती चव होती, किंवा नव्हती आणि मला तसं वाटत होतं. मी चुळा भरल्या. चुळा भरता भरता ध्यानात आलं की मी कुणाला थुंकून टाकतेय, आणि मग पाणी तसंच तोंडात धरून उभी राहिले. गिळवेना आणि थुंकवेना. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. काकू बाहेरून हाका मारत होती, 'ऐक, पोटुशी पोरीला आसलं काय सांगू नको हां.' मला पहिल्यांदा रडू आलं ते भावासाठी नाही, आई. लाज वाटते लिहायला, पण मला रडू आलं ते खोलीसाठी. ती माझी खोली होती. मी तिथे बसून दहावीचा अभ्यास केला, तिथूनच लग्न होऊन गेले, आणि आयुष्यभर मनाला बरं वाटत राहिलं की माझ्या आईने गावात पहिल्यांदा मुलीसाठी खोली बांधून घेतली. सासरी काही बोलणी खावी लागली की मी ते आठवायचे. आता कळतंय की ती माझी कधीच नव्हती. मी तिथे त्याची पाहुणी होते.

एकदा कळल्यावर मग काय, सगळंच उलगडत गेलं आणि थांबवता येईना. तू दुपारी तांदूळ निवडायला बसायचीस ती मागल्या दाराशी. उजेड चांगला पडतो म्हणायचीस. अगं, उजेड तर ओट्यावर त्याच्या दुप्पट होता! शेवटच्या दुखण्यात तू आप्पांना खाट तिथे हलवायला लावलीस, आणि खाटही नको, खाली घोंगडी टाका म्हणालीस. आम्ही म्हटलं, तिला वारा लागतोय. मी तुझ्या उशाशी बसले होते. तू कुशीवर वळलेली, एक हात जमिनीवर पसरलेला. मी तो हात उचलून परत पांघरुणात घालायचे, तू परत बाहेर काढायचीस. मी तुझ्यावर चिडले होते, की गार लागेल, न्युमोनिया होईल. तेव्हा तरी सांगायचंस ना. एक वाक्य. तुला बोलता येत होतं, चहात साखर कमी आहे हे तू मला त्याच दिवशी सांगितलं होतंस. आणि ती पाचवी! त्याला मातीत घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू माझी पाचवी पुजलीस. पाटा मांडला असेल, दिवा लावला असेल, मला मांडीवर घेतलं असेल. माझं नशीब चांगलं लिहिलं जावं म्हणून हात जोडले असशील. काकू म्हणते, जमलेल्या शेजारणींना संशयही आला नाही. कशी बसलीस तू तिथे? मी विचारते आहे, खरंच विचारते आहे, मला कळत नाही.

हे संध्याकाळी नेरळहून आले. त्यांनी त्या जागेवर परत ठोकून पाहिलं, पांढरी पूड पाहिली आणि म्हणाले, 'नुसतं भरून चालनार नाय. फोडून काडू. खालची खारी माती काडायची, मुरूम भरायचा, नीट चोपायचं आन नवा कोबा. दोन दिवसांचं काम.' अगदी बरोबर सांगत होते. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी हेच सांगितलं असतं. खारी माती आत ठेवून वर सोन्याचं व्हिनाइल घातलं तरी ते वर्षभरात उसवून येतं. त्यांनी फोडायचं मशीन उचललं, वायर सोडवायला लागले. मी म्हटलं, 'हात लावायचा नाही.' 'आगं पन का?' 'नाही म्हणजे नाही.' 'मग आसंच ठेवायचं? वर पट्टी घालू?' 'काहीच घालायचं नाही. ही खोली राहू दे.' 'आन पोरीला कुटं झोपवनार?' 'माजघरात.' 'माजघरात उजेड नाय.' 'दिवा लावू!' मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडे काकूलाही ऐकू गेलं असेल. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्या कामात असा खोडा कधी घातला नव्हता. त्यांनी वायर गुंडाळली, मशीन टेंपोत नेऊन ठेवलं आणि स्वतःच चहा टाकला. त्यांना वाटलं, लेकीच्या काळजीने हिचं डोकं फिरलंय. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

सांगता आलं असतं. भला माणूस आहे, त्यांनी त्या जागेला नमस्कार केला असता. पण मी नाही सांगितलं, आणि काल लेकीचा फोन आला तेव्हा तिलाही नाही. 'आई, माझी खोली झाली का?' 'नाही गं, खालून ओल निघाली.' 'मग काढून टाका ना ती ओल, तुमचं कामच आहे ते!' म्हटलं, 'यंदा पाऊस लांबला. माजघरात करते तुझी सोय, तिथे ऊबही असते.' थोडी फुरंगटली, मग हो म्हणाली आणि डिंकाच्या लाडवांवर गेली. मी फोन ठेवला. अख्खा आठवडा तुझ्यावर मनातल्या मनात ओरडतेय की इतकी मोठी गोष्ट कुणी पोटात कशी ठेवतं, आणि माझ्या तोंडून ते ओलीचं निमित्त इतकं सहज निघालं, की मला जीभसुद्धा चावावी लागली नाही.

काकूने बजावलं होतं म्हणून, पोटुशी पोर घाबरेल म्हणून, असं मला म्हणता येईल. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तसंच म्हटलं असतं. तुझ्यापाशी कशाला खोटं बोलू. मला तो कुणाला द्यायचा नाहीये. तुला तो चार दिवस मांडीवर मिळाला, काकूला बघायला मिळाला, आप्पांनी त्याला हातांनी उचलून ठेवला. मला तर तो तुझ्या पोटात मिळाला होता, सगळ्यांच्या आधी, आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. आता कळलंय, तर घरभर चर्चा व्हायच्या आधी, कुणी शांती करायला भटजी आणायच्या आधी, थोडे दिवस तो माझ्यापुरता राहू दे. दुपारी हे पडले की मी मागच्या खोलीचं दार लोटून घेते आणि भिंतीला टेकून बसते. मीठ वर येतं ते पुसत नाही. तेवढंच.

आणि असं बसल्यावर वाटतं की तूसुद्धा मला जपायला म्हणून गप्प राहिली नसशील. माझ्या मनावर परिणाम होईल वगैरे तुझ्या डोक्यातही नसेल. तुला तो वाटून घ्यायचा नव्हता, माझ्याबरोबरसुद्धा नाही. राग यायला हवा मला याचा. थोडा येतोही.

हे कागद कुणाच्या हाती लागायला नकोत. उद्या सकाळी बंब पेटवताना आत घालीन, म्हणजे तुला पोचायचा तर प्रश्नच नाही. त्याआधी एक सांगून ठेवते. काकूला मी विचारलं होतं, त्याचं नाव काय ठेवलं होतं? ती म्हणाली, बारशापर्यंत राहिला कुटं तो, नाव नव्हतंच. मी ठेवलंय. रोज दुपारी त्याला त्या नावाने हाक मारते. ते मी इथे लिहिणार नाही, आई, आणि तुलाही सांगणार नाही.